पिवळं फडकं

जुन्या राजधानीची पायी फेरी रोज सकाळी नऊला वेशीच्या दरवाजापासून निघायची आणि साडेअकराच्या सुमाराला सेनापतीच्या चौकात संपायची. या फेरीला दोन माणसं लागत, एक पुढचा आणि एक मागचा. पुढचा अडीच तास बोलायचा. मागचा काय करतो हे फेरीला आलेल्या लोकांना शेवटपर्यंत कळत नसे, आणि जाणून घ्यावं असं कुणाला वाटतही नसे.

पुढच्याचा एक नियम होता. वास्तूकडे पाठ, माणसांकडे तोंड. बुरुज असो, मनोरा असो, त्याने तो बघायचाच नाही, नुसता दाखवायचा. जो गाईड बुरुजाकडे बघत बोलतो तो बुरुजाला गोष्ट सांगतो, आणि लोक तोवर एकमेकांचे बूट बघत बसतात. म्हणून पुढच्याने चालायचंसुद्धा उलटं, पाठमोरं, लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून. आता उलट्या पावली चालणाऱ्या माणसाला मागचं गटार दिसणार कसं? त्यासाठी मागचा. घोळक्याच्या अगदी शेवटी तो चालायचा, नजर पुढच्याच्या खांद्यावरून पलीकडे, हातात पिवळं फडकं. पुढच्याच्या पाठीमागे काही विपरीत दिसलं, म्हणजे गाडी आली, फरशी निघालेली दिसली, दरवाजाला कुलूप दिसलं, की फडकं वर. फडकं वर गेलं की पुढचा बोलणं न तोडता सहज वळल्यासारखं करून मागे बघून घ्यायचा. फडकं खाली आहे तोवर सगळं जागच्या जागी आहे असं समजून चालायचं. या मागच्या माणसाला पर्यटन खात्यात सगळे शेपटी म्हणत.

सध्याची शेपटी एक बाई होती. अकरा वर्षं ती शेपटीच होती. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं, आणि हजेरी घेणारासुद्धा तिच्या नावापुढे खूण करताना तोंडाने “शेपटी आली” असंच म्हणायचा.

पुढचा म्हणजे मास्तर. चौतीस वर्षं या गल्ल्यांतून उलटा चाललेला माणूस. पोट सुटलेलं, गुडघे गेलेले, आवाज मात्र असा की घड्याळाच्या मनोऱ्याखाली बोलला तर वरची कबुतरं उडावीत. लोकांना हसवायचं कसं हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. अडचण एवढीच होती, की हसवण्यासाठी त्याला कुणीतरी एक माणूस हाताशी लागायचा, आणि तो माणूस रोज फुकट हाताशी होता.

फेरीतला चौथा थांबा राणीच्या खिडकीचा. दगडी जाळीची उंच खिडकी. मास्तर तिच्याकडे पाठ करून, आवाज ओला करून सांगायचा, “या खिडकीत राणी एकोणीस वर्षं बसली. नवरा लढाईला गेला तो गेलाच. एकोणीस वर्षं तिनं या रस्त्यावरून नजर हलवली नाही.” मग एक श्वास घ्यायचा. मग मान उंचावून घोळक्याच्या मागे बघायचा. “आमच्या शेपटीला आत्ताशी सहाच झालीत. अजून तेरा बाकी!”

सगळे वळून तिच्याकडे बघायचे आणि हसायचे. तिचा नवरा बोटीवर नोकरीला म्हणून गेला होता तो सहा वर्षं परतला नव्हता, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आता फेरीला येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसालाही ते ठाऊक होत होतं. पहिल्या वर्षी विनोद होता “आत्ताशी एकच” असा. मास्तर दर वर्षी आकडा न चुकता वाढवायचा. या बाबतीत माणूस फार काटेकोर.

“मास्तर, ते तेवढं नका ना सांगू,” असं एकदा ती म्हणाली होती.

“अगं, लोकांना आवडतं ते! तुझं काय जातं? हसतात आणि विसरतात,” मास्तर म्हणाला होता. तो दुष्टपणाने बोलला नव्हता, आणि तिला त्याचाच जास्त राग आला होता. दुष्टपणा केला असता तर निदान तिची दखल घेतल्यासारखं झालं असतं.

मग ती टिकली कशासाठी? तर पुढे जाण्यासाठी. तिला पुढचं व्हायचं होतं, बाकी काही नको होतं. घरी संध्याकाळी ती ओट्याकडे पाठ करून उभी राहायची आणि खुर्चीत बसलेल्या आईला सगळी फेरी सांगायची. उलट्या पावली चालायची. कोपरं टेबलावर आपटून काळीनिळी झाली होती. राणीची खिडकी तिच्या फेरीत निराळी होती. त्या खिडकीतून रस्ता नीट दिसतच नाही, हे अकरा वर्षं मागे उभं राहून तिनं पाहिलं होतं. तिथून दिसते ती समोरची टांकसाळ, तिचा दरवाजा आणि आतबाहेर करणारी माणसं. “राणी वाट बघत नव्हती, आई. राणी राज्य सांभाळत होती,” असं ती सांगायची. आई बऱ्याचदा पेंगलेली असायची.

“त्या मास्तरला सांग तरी एकदा हे,” धाकटी बहीण म्हणायची.

“सांगितलं की उद्यापासून तोच सांगेल. माझं म्हणून राहणार नाही.”

“मग पुढं कधी घालणार आहेत तुला?”

“पुढच्या वर्षी म्हणालेत.”

‘पुढच्या वर्षी’ हे उत्तर तिनं मास्तरकडून अकरा वेळा ऐकलं होतं आणि बहिणीला अकरा वेळा दिलं होतं.

यंदा मात्र काहीतरी हललं. सोमवारी फळ्यावर सूचना लागली, की बुधवारच्या फेरीबरोबर वरच्या कचेरीतून तपासणीला माणसं येतील. झालं! तिकिटाच्या खिडकीपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांनी आपापला निकाल लावून टाकला. मास्तरचं वय झालं, गुडघे बोलायला लागले, खात्याला आता तो नकोसा झालाय. बुधवारी एक चूक झाली की संपलं. शेपटीने ते ऐकलं आणि त्या दिवशी घरी जाऊन आईला फेरी दोनदा ऐकवली.

बुधवारी सकाळी ती चौकातून आली. तिची वाट तिकडून नव्हती, पण लवकर जाग आली होती, आणि पुढच्याच्या जागी उभं राहून बघावं, कुणी नसताना, असं तिला वाटलं होतं. चौकात क्रेन होती. सेनापती घोड्यासकट हवेत लोंबकळत होता. घोड्याच्या पोटाखालून दोन रुंद पट्टे घातले होते आणि चार माणसं “सावकाश, सावकाश” ओरडत होती. पुतळा धुवायला, दुरुस्तीला न्यायचा होता. तिच्यादेखत तो ट्रकमध्ये आडवा झाला, त्याच्यावर ताडपत्री पडली आणि ट्रक निघून गेला. चौथऱ्यावर चार लोखंडी गज उरले.

खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिलं आलं ते हेच, की मास्तरला सांगायला हवं. तशी ती झपाझप निघालीही. वेशीपाशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

मास्तर तिथं परीक्षकांबरोबर उभा होता. दोघं होते. एक पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या मॅडम, आणि त्यांच्यामागे फाईल छातीशी धरलेला एक इसम. आजूबाजूला वीसेक प्रवासी जमले होते.

“मास्तर, जरा इकडे या. एक सांगायचंय...”

“ही बघा, ही आमची शेपटी!” मास्तर मॅडमना म्हणाला, आणि तो बोलला की वीस माणसं ऐकणारच. “हिनं तोंडानं बोलायचं नसतं. हिला हात दिलाय देवानं, तोच हलवायचा. काय सांगायचं ते फडक्यानं सांग, बाई!”

प्रवासी हसले. फाईलवालाही हसला. तिनं उघडलेलं तोंड मिटलं. ठीक आहे, ती मनात म्हणाली, फडक्यानं सांगते. तोवर तिचा विचार तसा साधाच होता. चौकात पोचल्यावर फडकं वर करायचं, बस्स.

फेरी निघाली. मास्तर त्या दिवशी असा काही रंगला की काही विचारू नका. वेशीच्या दरवाजाशी तो गरजला, टांकसाळीपाशी कुजबुजला, घड्याळाच्या मनोऱ्याखाली त्यानं एका टोपीवाल्या आजोबांना हाताला धरून घड्याळजी बनवलं. गुडघे दुखत असणारच, पण चेहऱ्यावर काही नाही. दोनदा तिनं फडकं वर केलं, एकदा सायकलसाठी आणि एकदा सांडलेल्या पाण्यासाठी, आणि दोन्ही वेळा तो वाक्याचा सूर न बिघडवता बाजूला झाला. मॅडम लिहीत होत्या. इतकी वर्षं एकत्र काम केलेल्या दोन माणसांचं काम बघायला बरं वाटतं, आणि तिलाही क्षणभर ते बरं वाटलं.

मग राणीची खिडकी आली.

“या खिडकीत राणी एकोणीस वर्षं बसली,” मास्तरने सुरुवात केली. तिनं फडकं मुठीत घट्ट धरलं. आज नको, आज मॅडम आहेत, आज तरी नको, असं ती मनात म्हणत राहिली. मास्तरने श्वास घेतला आणि मान उंचावली. “आमच्या शेपटीला आत्ताशी सहाच झालीत. अजून तेरा बाकी!” आणि परीक्षा होती म्हणून असेल, वर एक नवं जोडलं. “बोट मोठी असते हो, वळवायला वेळ लागतो!”

असे हसले लोक! टोपीवाले आजोबा डोळे पुसायला लागले. एका बाईने तर जवळ येऊन तिच्या दंडावर थोपटलं, बिचारी म्हणून. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल? बोटीचं? नवऱ्याचं? तिच्या कानशिलांना चटके बसत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला मास्तरचं वाईट व्हावं असं वाटलं, आणि ते थोडंथोडकं नाही, सगळ्यांदेखत व्हावं असं वाटलं.

चौक तिथून दोनशे पावलं. मास्तर उलटा चालत चौकात शिरला, ठरलेल्या फरशीवर थांबला, आणि चौथऱ्याकडे पाठ करून त्यानं दोन्ही हात पसरले.

चौथऱ्यावर सेनापतीच्या जागी एक मजूर बसला होता. गजांना टेकून, पाय खाली सोडून, मांडीवर डबा उघडून तो जेवत होता.

“मंडळी,” मास्तर म्हणाला, “हा चेहरा नीट बघून घ्या. असा चेहरा पुन्हा होणे नाही!”

मजुराने घास तोंडात घातला. कुणीतरी खुदकन हसलं.

“ही नजर बघा. या नजरेपुढे तीन राजे वाकले.” मजूर डब्यात काहीतरी शोधत होता. “बारा दिवस अन्नाचा कण नाही, पण घोड्यावरची मांड ढिली झाली नाही!” आता हसणं पसरलं. दोघातिघांनी फोन बाहेर काढले.

मास्तर थांबला. या जागी लोक हसत नाहीत हे त्याला चौतीस वर्षं माहीत होतं. त्यानं घोळक्यावरून नजर उचलली आणि थेट तिच्याकडे बघितलं. फडकं तिच्या हातात होतं, मांडीशी लोंबत.

ती हलली नाही.

तो पुढे बोलला. सेनापतीची छाती, सेनापतीची तलवार, सेनापतीचा घोडा. प्रत्येक वाक्याला हसू वाढत गेलं. आजोबा तर टोपी तोंडावर धरून वाकले होते. मास्तरने पुन्हा तिच्याकडे बघितलं, या वेळी जरा जास्त वेळ, भुवया उंचावून. आणि इथं तिनं ती गोष्ट केली. तिनं मान हलवली, हळूच, हसऱ्या चेहऱ्याने. सगळं ठीक आहे, चालू द्या.

मास्तरने चालू दिलं. फेरी संपवायची त्याची रीत ठरलेली होती. सगळं सांगून झालं की तो टाच फिरवून वळायचा आणि सेनापतीला कडक सलाम ठोकायचा. तो वळला. सलाम ठोकला. मजुराने वर बघितलं, गोंधळला, आणि तोंडातला घास एका गालात सारून डाव्या हाताने उलट सलाम केला.

चौक हसण्याने फुटायचा बाकी राहिला. सहा वर्षांत कधी वाटलं नव्हतं इतकं तिला गार वाटलं. मास्तर सलामात तसाच उभा होता, बराच वेळ. मग तो वळला आणि शांतपणे म्हणाला, “चला मंडळी, आपली फेरी इथं संपली. पायऱ्या जपून उतरा.” त्याचा चेहरा पडलेला नव्हता, लालही झाला नव्हता. तिला ते जरासं खटकलं, पण तितकंच.

अर्ध्या तासाने कचेरीत बोलावणं आलं. वेशीच्या वरची खोली, एक टेबल, चार खुर्च्या. मास्तर आधीच बसलेला होता, गुडघे चोळत. तिनं वाटेत उत्तर तयार करून ठेवलं होतं. मी फडकं वर केलं होतं, मास्तरांनी बघितलं नाही. घोळक्याच्या मागे काय झालं हे बघायला कोण वळतंय?

“बसा,” मॅडम म्हणाल्या. “तुमची फेरी बघितली.”

“माझी?”

“तपासणी तुमचीच होती. मास्तरांचे गुडघे आता साथ देत नाहीत, असं त्यांनीच लिहून कळवलंय.” मॅडम किंचित हसल्या. “यापुढे ही फेरी तुमच्याकडे द्यावी, असा अर्ज त्यांनी गेल्या महिन्यात केला. शेपटी पुढे घ्यायची तर तिला न सांगता एकदा पारखायची, ही जुनी पद्धत आहे. पुतळा आज हलणार हे आम्हाला आठ दिवस ठाऊक होतं. मास्तरांनाही.”

तिनं हातातलं फडकं टेबलाखाली घेतलं.

“तुम्ही फडकं वर करायचं आणि त्यांनी वळायचं, एवढंच होतं,” मॅडम म्हणाल्या. “मी एका वाक्यानंतर थांबवायला निघाले होते. पण हे म्हणाले होते, की मध्ये कुणी पडायचं नाही, ती करेलच वर. मग त्यांचं ते सगळं... ते तसं झालं. आता मला एवढंच सांगा. मी आमच्या या साहाय्यकांना तुमच्या मागे उभं केलं होतं. फडकं वर गेलं नाही, हे त्यांनी बघितलंय. चौथरा रिकामा आहे हे तुम्हाला दिसलं होतं का?”

तयार करून आणलेलं उत्तर गेलं. दिसलं म्हणावं, तर दिसूनही पुढच्याला तोंडघशी पाडलं, म्हणजे बिल्ला आजच्या आज टेबलावर, आणि या शहरात पुन्हा कुणी कामाला उभं करणार नाही. नाही दिसलं म्हणावं, तर पुतळ्याएवढी वस्तू जागेवर नाही हे दिसलं नाही, असं कुणाला पटणार? तिनं मास्तरकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे मदतीसाठी बघितलं.

आणि मास्तर धावून आला.

“नसेल दिसलं तिला, मॅडम,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी बरेच दिवस बघतोय. नजर अधू झालीय तिची. परवा मनोऱ्याची पायरी चुकली. लांबचं धुरकट दिसतं तिला. मीच बोललो नाही कुणाला. म्हटलं, घरी म्हातारी आई आहे, नवरा हा असा. मनाची फार चांगली आहे हो. ती मुद्दाम असं करायची नाही.”

त्याचा आवाज ओला होता. खिडकीपाशी असायचा तितकाच.

परवा ती कुठलीच पायरी चुकली नव्हती. हे त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं. “असं आहे का?” मॅडमनी मायेने विचारलं.

“हो,” ती म्हणाली. दुसरं म्हणायला जागाच नव्हती. “थोडं... धुरकट दिसतं.”

“मग आधी सांगायचं नाही का! नियम तुम्हाला ठाऊक आहे. नजर अधू असलेल्या माणसाला, चष्मा लावला तरी, घोळक्याबरोबर रस्त्यावर पाठवता येत नाही. ना मागे, ना पुढे. कधीच नाही.” मॅडमना खरोखरच वाईट वाटत होतं. “नोकरी जाणार नाही, काळजी करू नका. खाली तिकिटाच्या खिडकीत बसा उद्यापासून.”

हा नियम तिला पहिल्या आठवड्यात शिकवला होता तो मास्तरनेच. सगळे नियम त्याला कलमांच्या आकड्यांसकट पाठ होते.

फाईलवाला कागद तयार करायला बसला तेव्हा दोघं बाहेर सज्जात आली. खाली दुपारच्या उन्हात नवे प्रवासी दरवाजाचे फोटो काढत होते. मास्तर कठड्याला धरून उभा राहिला. मग तो बोलला, आणि प्रथमच त्याच्या आवाजात फेरीतला सूर नव्हता.

“फडकं वर केलं नाहीस ना, ते मी पोटात घातलं असतं. म्हटलं असतं, घाबरली पोरगी. पुढच्या वर्षी परत परीक्षेला बसवलं असतं तुला.” त्याने तिच्याकडे बघितलं नाही. “पण तू मान हलवलीस गं. हसून मान हलवलीस. मी तिथं माकडासारखा नाचत होतो तो तुझ्यासाठी, आणि तू मला म्हणालीस, चालू द्या.”

तिला खूप काही म्हणायचं होतं. सहा वर्षं, बोट, एकोणीस वर्षं, खिडकीतून दिसणारी टांकसाळ. मास्तर वळला आणि एकेक पायरी चाचपत जिना उतरायला लागला.

“जरा आत या,” मॅडमची हाक आली. “सही राहिली.”

ती आत गेली. फाईलवाल्याने कागद तिच्यापुढे सरकवला आणि ‘दृष्टिदोषामुळे कायमची बदली’ या ओळीखाली बोट ठेवलं. अक्षरं टपोरी होती, दारातूनसुद्धा वाचता आली असती. मॅडम बघत होत्या. तिनं कागद उचलला, नाकाला लागेल इतका जवळ धरला, डोळे बारीक करून ओळ शोधल्यासारखं केलं, आणि सही केली.